कोंबडीच्या उवा: शेतातलं औषध नको, तीन रविवार द्या

फवारणीचे दिवस आले की घराच्या कोपऱ्यात कीटकनाशकाची अर्धी बाटली उरलेली असते. त्याच दमट दिवसांत खुराड्यातल्या कोंबड्यांना उवा-पिसवा होतात. मग कोणीतरी सांगतं, "चार थेंब पाण्यात टाका, कोंबडी बुचकळून काढा, एका दिवसात साफ!" लोणार तालुक्यातल्या आमच्या बीबीत हा सल्ला दरवर्षी ऐकू येतो. समाजातल्या सर्व माता-भगिनींना आमचं कळकळीचं सांगणं आहे, हा सल्ला ऐकू नका. ते विष कोंबडीच्या अंगातून अंड्यात उतरतं आणि अंड्यातून लेकराच्या ताटात येतं.

ही नुसती भीती नाही. २०१७ साली युरोपात नेदरलँड आणि बेल्जियममधल्या पोल्ट्रींत कोंबड्यांचे किडे मारण्यासाठी फिप्रोनिल हे कीटकनाशक नियम मोडून वापरलं गेलं. ते अंड्यांत सापडलं आणि लाखो अंडी बाजारातून परत घ्यावी लागली. तेच फिप्रोनिल आपल्याकडे पिकांसाठी दुकानात मिळतं. त्याच २०१७ च्या हंगामात आपल्याच विदर्भात, यवतमाळ जिल्ह्यात, कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. आपली माणसं फवारणीच्या मजुरीला जातात. शेतातलं विष काय करतं, हे आपल्याला कोणी वेगळं सांगायला नको. ते खुराड्यात आणि अंगणात आणायचं कशाला?

वस्तीतल्या घरी चार-सहा गावरान कोंबड्या म्हणजे घरच्या बाईच्या हातातला पैसा. एका अंड्यात साधारण ६ ग्रॅम प्रथिनं असतात. गरोदर सुनेला, वाढत्या लेकराला ती घरबसल्या मिळतात. उवा-किड्यांनी कोंबडी खंगली की अंडी कमी होतात आणि रवणीला बसलेली कोंबडी अंडी सोडून उठते. म्हणून इलाज तर करायचाच, पण नीट समजून.

किडा राहतो कुठे?

निम्मा इलाज या प्रश्नाच्या उत्तरात आहे.

उवा कोंबडीच्या अंगावरच जन्मतात आणि अंगावरच मरतात. शेपटीखाली आणि पंखाखाली पिसं उलटी करून पाहा. पिवळसर उवा पळताना दिसतात आणि पिसांच्या बुडाशी लिखांचे पांढरे गठ्ठे दिसतात.

बारीक तांबडे किडे दिवसा कोंबडीवर सापडत नाहीत. ते खुराड्याच्या फटीत, बसायच्या दांडीखाली दडतात. रात्री बाहेर येऊन रक्त पितात. म्हणूनच दिवसा कोंबडीला कितीही औषध लावलं तरी ते वाचतात. रात्री बॅटरी घेऊन जा आणि दांडीखाली, फटीवर पांढरं फडकं फिरवा. फडक्यावर रक्ताचे डाग उमटले तर समजा, किडे आहेत. उष्ण हवेत त्यांची नवी पिढी आठ-दहा दिवसांत तयार होते. रिकाम्या खुराड्यात ते उपाशीही कित्येक महिने जगतात.

कोंबडीची गोचीड चपटी असते. तीही भिंतीच्या भेगेत दडते आणि रात्री चावते. तिच्यामुळे कोंबड्यांना एक ताप येतो. कोंबडी मलूल होते, हिरवट हगवण लागते, काही मरतात. मानमोडीतही हिरवी हगवण होते. त्यामुळे घरी अंदाज बांधत बसू नका, पशुवैद्यकाला दाखवा.

पायाचा किडा पायाच्या खवल्यांखाली शिरतो. खवले उचलले जातात, पाय जाड आणि खडबडीत होतो, कोंबडी लंगडते.

याशिवाय तुरा फिका पडणं, अंग सारखं टोचणं आणि संध्याकाळी खुराड्यात शिरायला नकार देणं, ही सगळी किड्यांची लक्षणं आहेत. कोंबडी हट्टी झाली म्हणून तिला मारून आत ढकलू नका.

तीन रविवारचं काम

एकदा सफाई करून भागत नाही, कारण लिखा आणि किड्यांची अंडी मागे राहतात. सात-आठ दिवसांनी त्यांतून नवे किडे निघतात. म्हणून ओळीनं तीन रविवार धरा. विहारातली वंदना आटोपून घरी आलात की हेच पहिलं काम.

१. कोंबड्या बाहेर सोडा. खुराड्यातलं जुनं गवत, पिसं, विष्ठा सगळं काढून जाळा किंवा वस्तीपासून दूर पुरा. रवणीचं टोपलं असेल तर त्यातलं गवतही बदला.

२. दांड्या काढून कडक उन्हात ठेवा. फटींत, सांध्यांत, कोपऱ्यांत उकळतं पाणी ओता. पोरांना तेवढा वेळ लांब ठेवा.

३. खुराडं वाळलं की भेगा लिंपून घ्या आणि आतून चुन्याची सफेदी द्या. चुना डोळ्यांत जाऊ देऊ नका. पूर्ण वाळल्यावरच कोंबड्या आत घ्या.

४. चुलीतली लाकडाची थंड राख चाळून तितक्याच कोरड्या बारीक मातीत मिसळा. घमेल्यात किंवा खड्ड्यात, पावसाचं पाणी लागणार नाही अशा जागी ठेवा. कोंबडी स्वतः त्यात लोळते. बारीक धुळीनं उवांच्या अंगावरचा मेणाचा थर निघतो आणि त्या सुकून मरतात. प्लास्टिक जाळलेली राख वापरू नका.

५. पाय खडबडीत झाले असतील तर कोमट पाण्यात भिजवून हलके पुसा आणि खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन जाडसर लावा. दर दोन-तीन दिवसांनी लावत राहा. खवले नखानं उपटू नका. रॉकेल तर मुळीच लावू नका, कातडी भाजते.

एवढ्यानं भागलं नाही तर जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात जा, किंवा १९६२ या टोल फ्री क्रमांकावर विचारा. कोंबड्यांसाठीची पावडर पशुवैद्यक सांगतील तेवढीच, तोंडाला फडकं बांधून लावा. "अंडी किती दिवस खायची नाहीत?" हे विचारल्याशिवाय औषध घेऊ नका. घरात मांजर असेल तर तेही सांगा. परमेथ्रिन नावाचं औषध मांजराला विषारी असतं.

बाजारातून आणलेली नवी कोंबडी दोन आठवडे डालग्याखाली वेगळी ठेवा. आणि एका घरानं केलं, शेजारच्यानं नाही केलं, तर उपयोग नाही. आपल्या कोंबड्या दिवसभर एकमेकींच्या अंगणात फिरतात. गल्लीतल्या सगळ्या घरांनी एकाच रविवारी हे काम करावं, अशी आमची विनंती आहे.

पहिल्या शीलाचं काय?

वर्षावासात एखादी उपासिका विचारते, "पाणातिपाताचं शील घेतलं, मग किडे कसे मारायचे?" प्रश्न प्रामाणिक आहे. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत फरक केला आहे. आपल्या आसऱ्याला असलेल्या मुक्या जिवाचं रक्त रोज रात्री प्यालं जात असेल तर ते थांबवणं ही गरज आहे. शिवाय दर आठवड्याला खुराडं स्वच्छ राहिलं तर मारावे लागणारे किडेही फार थोडे राहतात.

माणसाला त्रास झाला तर

खुराडं घराच्या भिंतीला लागून असेल तर तांबडे किडे झोपलेल्या माणसालाही चावतात. अंगावर बारीक पुरळ येतं, रात्री खाज सुटते. ते माणसाच्या अंगावर वाढत नाहीत, खुराडं साफ झालं की त्रास थांबतो. अंथरूण गरम पाण्यात धुऊन उन्हात टाका. पण बोटांच्या बेचक्यांत खाज असेल आणि घरातल्या सगळ्यांनाच होत असेल तर ती खरूज असू शकते. सरकारी दवाखान्यात दाखवा.

आणि कोणी आधीच शेतातलं औषध हाताळलं असेल, आणि तोंडाला लाळ, घाम, उलटी, अंधारी, धाप यांपैकी काही सुरू झालं, तर वाट पाहू नका. कपडे काढून अंग साबणानं धुवा, १०८ ला फोन करा आणि औषधाची बाटली सोबत घेऊन जा. बाटली पाहून डॉक्टरांना विष ओळखता येतं.

येत्या रविवारी विहारातून निघताना शेजारणीला सोबत घ्या आणि आधी तिचं खुराडं पाहा, मग तुमचं.

जय भीम.