दुसरा निरोप
व्हिएतनाम युद्धात अमेरिकी सैनिकाची नेमणूक साधारण १२ महिन्यांची असे. मध्ये एकदाच चार-सहा दिवसांची सुटी मिळे. अविवाहित बँकॉक, सिडनी गाठत. विवाहितांची पसंती हवाईला. कारण सरळ होते. १९५९ पासून हवाई अमेरिकेचेच राज्य, त्यामुळे पत्नीला पासपोर्ट लागत नसे. होनोलुलूच्या फोर्ट डेरूसीत बायका सैनिकांच्या बसची वाट पाहत उभ्या राहत. सुटी संपली की तो परत युद्धात, ती एकटी घरी.

माझे अब्बा बोटीवर नोकरीला होते. रजा संपून ते निघाले की त्यांची बॅग भरताना अम्मी एक शब्दही बोलत नसे. पहिल्या निरोपात माणूस अजाण असतो. दुसऱ्या निरोपात त्याला सगळे ठाऊक असते.