हातातली शक्ती गेली; दोष मणक्याचा की चेतापेशींचा?

माळवा, निमाड आणि सीमेपलीकडच्या खानदेशातूनही गंभीर दुखण्याचे रुग्ण इंदूर गाठतात. होळकरांच्या या शहराला वैद्यकीय शिक्षणाची जुनी परंपरा आहे. महाराजा यशवंतराव रुग्णालय, म्हणजे लोकांच्या तोंडचे ‘एमवाय’, हे तिचे सर्वपरिचित रूप. अशा शहरातील मेंदूविकारतज्ज्ञांपुढे येणाऱ्या एका प्रकारच्या रुग्णाची कहाणी ठरलेली असते. शर्टाची गुंडी लागत नाही, कुलपात किल्ली फिरत नाही, अंगठ्याच्या मुळाचा मांसल भाग खोल गेला आहे; मात्र वेदना नाही, बधिरपणाही नाही. हाती मानेचा एमआरआय असतो व त्यात मणक्यांची झीज दिसते. पण उतारवयात अशी झीज बहुतेकांच्या मानेत सापडतेच. तिच्यावर ठपका ठेवून शस्त्रक्रिया करावी, की दोष मज्जारज्जूतील प्रेरक चेतापेशींचा आहे? या निर्णयास ईएमजी, म्हणजे स्नायूंची विद्युत-चाचणी, मोठे साह्य करते.

स्नायूत एक बारीक सुई घातली जाते. ती विद्युतप्रवाह सोडत नाही, केवळ ऐकते. निरोगी स्नायू विश्रांतीत निःशब्द असतो. चेतापेशी मेली, की तिच्या आज्ञेत असलेले तंतू पोरके होऊन आपापले फडफडू लागतात. यंत्राच्या ध्वनिवर्धकातून पत्र्यावर पावसाचे थेंब पडावेत तसा आवाज येतो. जिवंत राहिलेल्या पेशी मग शाखा पसरून या पोरक्या तंतूंना दत्तक घेतात. त्यामुळे स्नायू आकसला असता पडद्यावर लहरी थोड्या, पण आकाराने मोठ्या उमटतात. या दत्तकविधानामुळेच बरेच नुकसान होईपर्यंत रुग्णाला अशक्तपणा जाणवत नाही.

खरी कसोटी जागांची आहे. मानेतील चेतामुळे दबली, तर परिणाम हाताच्या ठरावीक स्नायूंत दिसतो. तीच लक्षणे जिभेत, पाठीच्या मधल्या भागात किंवा पायांतही आढळली, तर केवळ मानेवर सारा दोष टाकता येत नाही. दुखणे हाताचे आणि सुई पाठीत कशाला, या नातेवाइकांच्या रास्त शंकेचे उत्तर हे आहे.

सुईच्या जोडीला चेतावहनाची चाचणी होते. तिच्यात मात्र सौम्य झटके बसतात. चेतेच्या वाटेत मध्येच संदेश अडत असेल, तर बहुकेंद्री प्रेरक चेताविकाराचा संशय येतो. तो वरकरणी असाध्य रोगासारखा दिसतो, पण इम्युनोग्लोब्युलिनच्या उपचाराला बहुधा दाद देतो. औषध महाग आहे. तरी हा फरक निसटणे अधिक महाग.

तरुणांबाबत आणखी सावधगिरी हवी. जपानच्या केइझो हिरायामा यांनी १९५९ मध्ये आणि बंगळुरूच्या निमहान्समधील डॉ. एम. गौरी-देवी यांनी १९८४ मध्ये, मुख्यतः तरुण पुरुषांच्या एकाच अवयवात होणाऱ्या स्नायुक्षयाचे वर्णन केले. हा क्षय काही वर्षे वाढून बहुधा थांबतो. विशीतील मुलाच्या बारीक झालेल्या हातावरून घरच्यांना थेट मृत्यूची वार्ता देणे त्यामुळे अन्यायाचे ठरू शकते. मान पुढे वाकवून काढलेला एमआरआय येथे उपयोगी पडतो.

एकच चाचणी पुरेल असे नाही. रोगाच्या आरंभी ती निर्णायक ठरत नाही. काही महिन्यांनी पुन्हा करावी लागते. निदान पक्के झाले, तरी प्रेरक चेतापेशींचा ऱ्हास पुरता रोखणारे औषध नाही. रिलुझोल त्याची गती थोडी मंदावते. तथापि निरर्थक शस्त्रक्रिया टळते आणि गिळणे व श्वास यांची तजवीज वेळेत करता येते.

चाचणीच्या दिवशी अंगाला तेल वा मलम लावू नये. रक्त पातळ करणारी औषधे चालू असल्यास किंवा पेसमेकर बसवलेला असल्यास आधी सांगावे. इंदूरच्या कडाक्याच्या थंडीत आलेल्या रुग्णाचे हात प्रथम ऊबदार करून घ्यावे लागतात, कारण गार हातात संदेशाचा वेग उगाच कमी दिसतो.