गरोदरपणातील सौम्य थायरॉईडदोष

गळ्यातील थायरॉईड ग्रंथीला काम करण्याचा आदेश देणाऱ्या टीएसएच या संप्रेरकाचे रक्तातील प्रमाण वाढलेले, परंतु ग्रंथीतून स्रवणारे थायरॉक्सिन मात्र पुरेसे, अशा अवस्थेला सौम्य किंवा सुप्त थायरॉईडन्यूनता म्हणतात. गर्भाची स्वतःची ग्रंथी साधारण बाराव्या आठवड्यानंतर काम करू लागते आणि तोवर त्याच्या मेंदूची वाढ आईच्याच थायरॉक्सिनवर अवलंबून असते, म्हणून टीएसएचची तपासणी लवकर होणे महत्त्वाचे ठरते.

तथापि प्रत्येक सौम्य वाढीला औषध लागतेच असे नाही. २०१२ आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन मोठ्या चाचण्यांत उपचारांमुळे मुलांच्या बुद्ध्यंकात फरक आढळला नाही. त्यामुळे टीएसएचचा आकडा, ग्रंथीविरुद्ध शरीरानेच तयार केलेली टीपीओ प्रतिपिंडे आणि पूर्वीचे गर्भपात यांचा एकत्रित विचार करून डॉक्टर निर्णय घेतात, आणि हीच पद्धत योग्य आहे.

या दोषावर दिली जाणारी लेव्होथायरॉक्सिन ही गोळी, योग्य मात्रेत, गरोदरपणात सुरक्षित असून ती सकाळी उपाशीपोटी घ्यावी. आपल्याकडे गरोदर स्त्रियांना सर्रास दिल्या जाणाऱ्या लोह व कॅल्शियमच्या गोळ्या तिचे शोषण रोखतात, हे अनेकींना कोणी सांगतच नाही. दोहोंत किमान चार तासांचे अंतर हवे. निम्म्या गरोदरपणापर्यंत दर चार आठवड्यांनी रक्त तपासावे. आधीपासून गोळी घेणाऱ्या स्त्रीने दिवस राहताच डॉक्टरांना कळवावे, कारण तिची मात्रा बहुधा वाढवावी लागते. ‘बाळाला बाधेल’ या भीतीने गोळी परस्पर बंद करू नये.