वेग वाढला, खोळंबा तसाच

केंद्राच्या २००४ च्या धोरणाने सेकंदाला २५६ किलोबिटच्या लाइनला ब्रॉडबँड म्हटलं. २०१३ मध्ये ही किमान मर्यादा ५१२ किलोबिट झाली, २०२३ मध्ये २ मेगाबिट. शिरूर-दौंडसारख्या तालुक्यांतली इंटरनेटची प्रगतीही आपण याच एका आकड्यावर मोजत आलो. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली आणि पिकाचा फोटो शेतकऱ्याच्याच मोबाइलवरून जाऊ लागला. जेमतेम रेंजमध्ये फोटो अपलोड होत असताना व्हॉट्सअ‍ॅप कॉल आला, तर बोलणं तुटक ऐकू येतं. फोटो गेला की सुधारतं. रेंज तीच, प्लॅनही तोच. बिघडतं ते मधे साचलेल्या रांगेमुळे, आणि या वीस वर्षांत आपण नेमकी तीच मोजली नाही.

पुढे जाण्यासाठी थांबलेली पॅकेटं, म्हणजे डेटाचे तुकडे, राउटर, मोडेम किंवा टॉवर ज्या मेमरीत ठेवतो, तो बफर. हिशेब सोपा आहे. १५०० बाइटचं एक पॅकेट २५६ किलोबिटच्या लाइनवरून जायला ४७ मिलिसेकंद लागतात. लिनक्समध्ये वर्षानुवर्षं रांगेची मर्यादा १००० पॅकेटांची होती. ती पूर्ण भरली तर शेवटच्या पॅकेटाचा नंबर ४७ सेकंदांनी येणार. हीच रांग १०० मेगाबिटवर १२० मिलिसेकंदांत रिकामी होते. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या (आयटीयू) शिफारशीनुसार संभाषणात एका बाजूचा विलंब १५० मिलिसेकंदांच्या आत असावा. फाइल डाउनलोडला चार सेकंद उशीर झाला तर कुणाचं बिघडत नाही, बोलण्याला अर्धा सेकंदही जड जातो.

हे कुणाला ठाऊक नव्हतं असं नाही. बफर अमर्याद दिला तरी जादा भाराखाली पॅकेटं मुदतीत पोहोचणारच नाहीत, हे जॉन नेगल यांनी १९८५ मध्येच दाखवलं होतं. पॅकेट गळणं हा संथ होण्याचा इशारा मानून पाठवणाऱ्याने वेग कमी करावा, ही व्हॅन जेकबसन यांची रीत १९८८ ची. पुढे मेमरी स्वस्त झाली, पॅकेट गळणं कमीपणाचं वाटू लागलं आणि बफर फुगत गेले. इशाराच उशिरा पोहोचू लागला. २०१० च्या अखेरीस जिम गेटिस यांनी या दुखण्याला बफरब्लोट हे नाव दिलं, तोवर ते घरोघरच्या मोडेममध्ये जाऊन बसलं होतं.

पाटसचा भीमा आणि न्हावऱ्याचा घोडगंगा या कारखान्यांच्या पट्ट्यात हे वेगळं समजावायला नको. यार्ड मोठं केल्याने गाळप वाढत नाही. उलट उसाच्या गाड्या जास्त तास उभ्या राहतात, ऊस वाळतो, वजन घटतं, उतारा पडतो. यार्ड भरायच्या आधीच शेतकी खात्याने तोड कमी करायला हवी.

मग बफर छोटेच करा, असं कुणी म्हणेल. तेही चुकीचं. पॅकेटं लोंढ्याने येतात. जागाच नसेल तर लाइन मोकळी असूनही डाउनलोड अडखळतं. शिवाय मोबाइलचा वेग घडीघडीला बदलतो, त्यामुळे कोणताही ठरावीक आकार कधीतरी चुकणारच. कॅथलीन निकोल्स आणि जेकबसन यांच्या २०१२ च्या कोडेल पद्धतीने म्हणूनच आकाराचा नाद सोडून थांबण्याचा वेळ पाहिला: १०० मिलिसेकंदांच्या खिडकीत प्रतीक्षा ५ मिलिसेकंदांच्या खाली एकदाही आली नाही, तर पॅकेटं गाळायला सुरुवात. एफक्यू-कोडेल प्रत्येक प्रवाहाची रांगही वेगळी ठेवतं, त्यामुळे कॉलला फोटोच्या मागे तिष्ठावं लागत नाही आणि कोणतं अ‍ॅप महत्त्वाचं हे कंपनीला ठरवावंही लागत नाही.

वेग वाढला की प्रश्न सुटेल, हा आक्षेप अर्धाच खरा. फायबर गावात आलं तरी अरुंद जागा वाय-फायकडे किंवा टॉवरकडे सरकते, आणि रांग तिथे लागते. नियमांनीही ग्राहकाच्या या टोकाकडे पाहिलं नाही. दूरसंचार नियामक ट्रायच्या २००६ च्या निकषांत देशांतर्गत विलंबाला १२० मिलिसेकंदांची मर्यादा होती, पण मोजणी कंपनीच्या नोडपासून पुढे. ग्राहकाच्या घरातला मोडेम त्यात धरलेलाच नव्हता. ही मोजणी ग्राहकाच्या दारातून आणि लाइन भरलेली असताना व्हायला हवी. तोवर एवढं करा: मोठी फाइल अपलोडला लावून पिंग, म्हणजे जाऊन-येऊन लागणारे मिलिसेकंद, पाहा. २० चा आकडा ८०० वर गेला, तर महागडा प्लॅन घेण्याआधी राउटरमध्ये एसक्यूएम, म्हणजे कोडेलसारख्या पद्धतीने रांग आवरणारी सोय, आहे का ते बघा आणि अपलोडची मर्यादा मोजलेल्या वेगाच्या ९० टक्क्यांच्या आसपास ठेवा.