बेगमी असावी, धास्तीची खरेदी नसावी

उन्हाळा आला की आपल्याकडे घरोघरी वर्षाच्या बेगमीची लगबग सुरू होते. गहू-ज्वारीला ऊन देऊन ती कोठीत भरायची, मिरच्या कांडून तिखट करायचे, पापड-कुरडया वाळवायच्या, चिंचेचे गोळे बरणीत भरायचे. आपल्या आज्या-पणज्या हे करीत आल्या आणि त्यामुळे शेजारणीच्या घरी कधी चूल विझली नाही. कारण ही खरेदी सुगीत, माल भरपूर असताना, सावकाश होत असे.

गेल्या काही वर्षांत मात्र दुसऱ्याच प्रकारची खरेदी आपण पाहिली. अमुक वस्तू मिळेनाशी होणार, अशी कुणकुण लागते. मोबाइलवर निरोप फिरतो. तासाभरात दुकानासमोर रांग लागते आणि ज्याला पाव किलो पुरले असते तो पाच किलो घेऊन जातो. ही धास्तीची खरेदी होय. डॉक्टरने या विषयावर का लिहावे, असा प्रश्न वाचकांना पडेल. त्याचे उत्तर असे, की या खरेदीची किंमत पुष्कळदा आजारी माणसे मोजतात आणि ती आमच्या दवाखान्यात दिसते.

टंचाई कशी जन्माला येते?

ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब-इस्रायल युद्धामुळे तेलाचे भाव भडकले. जपानचे व्यापार व उद्योग मंत्री नाकासोने यांनी लोकांना कागद जपून वापरा, असे आवाहन केले. १ नोव्हेंबर रोजी ओसाकाजवळच्या सेनरी या नव्या वसाहतीत टॉयलेट पेपर घेण्यासाठी दोन-तीनशे गृहिणींची रांग लागली आणि दुकानातला माल बघता बघता संपला. वर्तमानपत्रांत बातमी येताच देशभर तेच सुरू झाले. वास्तविक जपानमधील टॉयलेट पेपरचे उत्पादन कमी झालेलेच नव्हते!

त्याच वर्षी १९ डिसेंबरला अमेरिकेत टीव्हीवरील लोकप्रिय विनोदवीर जॉनी कार्सन यांनी टॉयलेट पेपरच्या टंचाईवर एक विनोद केला. एका लोकप्रतिनिधीच्या पत्रकाचा त्याला आधार होता. दुसऱ्या दिवसापासून लोकांनी दुकाने रिकामी केली. शेवटी कार्सन यांना टीव्हीवरूनच खुलासा करावा लागला.

समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी १९४८ मध्येच सांगून ठेवले होते, की काही भाकिते खोटी असतात, पण लोक त्यांवर विश्वास ठेवून वागू लागले की खरी होतात. त्यांनी उदाहरण बँकेचे दिले होते. ते आपण वाण्याच्या दुकानाला लावून पाहू. समजा एका दुकानावर ३०० कुटुंबे अवलंबून आहेत आणि प्रत्येक कुटुंब महिन्याला साबणाच्या ४ वड्या नेते. दुकानदार महिन्याला १,२०० वड्या आणतो. साबण मिळणार नाही असे ऐकून पहिल्या १०० कुटुंबांनी १२-१२ वड्या नेल्या, की फळी रिकामी. उरलेली २०० कुटुंबे हात हलवीत परत जातात. कारखाना चालू आहे, मालाची गाडी चालू आहे, आणि तरीही टंचाई झाली. त्या १०० कुटुंबांपैकी कोणीही काळाबाजार करणारा नसतो. प्रत्येकाने फक्त तीन महिन्यांचा साबण घेतलेला असतो.

मिठाची अफवा

आपल्याकडे नोव्हेंबर २०१६ मध्ये, नोटाबंदीनंतर दोन-तीन दिवसांतच, मीठ संपणार अशी अफवा उठली. दिल्ली आणि उत्तर प्रदेशात लोक रात्री दुकानांवर धावले. किलोला दोनशे रुपये आणि त्याहून अधिक दर झाल्याच्या बातम्या आल्या. देशातले सुमारे तीन चतुर्थांश मीठ एकट्या गुजरातमध्ये पिकते आणि ते तेव्हाही पिकत होते.

मार्च २०११ मध्ये चीनमध्ये अशीच मिठाची झुंबड उडाली होती. जपानमधील फुकुशिमाच्या अणुवीज केंद्रात अपघात झाला होता आणि आयोडीनयुक्त मिठाने किरणोत्सर्गापासून बचाव होतो, असा समज पसरला होता. येथे थोडे गणित करू. अशा प्रसंगी थायरॉइड ग्रंथीच्या रक्षणासाठी प्रौढांना जी गोळी देतात तिच्यात सुमारे १०० मिलिग्रॅम आयोडीन असते. एक किलो मिठात ते ३० मिलिग्रॅमच्या आसपास धरले, तर एका गोळीइतके आयोडीन मिळण्यासाठी एकाच दिवशी तीन किलोंहून जास्त मीठ खावे लागेल. दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्या हिशेबाने हे पावणेदोन वर्षांहून अधिक काळाचे मीठ झाले. किरणोत्सर्गाच्या आधी मीठच माणसाचा जीव घेईल.

मार्च २०२० मधील धडे

कोरोनाच्या साथीत हा प्रकार जगभर एकाच वेळी घडला. ऑस्ट्रेलियात टॉयलेट पेपर बहुतांशी देशातच तयार होतो, तरी मार्च २०२० च्या सुरुवातीला तेथील मोठ्या सुपरमार्केटना दर ग्राहकामागे किती पाकिटे द्यायची याची मर्यादा घालावी लागली. त्याच महिन्यात सकाळचा पहिला तास वृद्ध आणि अपंगांसाठी राखून ठेवावा लागला, कारण धडधाकट माणसे येऊन गेल्यावर त्यांच्यासाठी काही उरत नव्हते. इंग्लंडमध्ये अतिदक्षता विभागात काम करणारी एक परिचारिका ड्युटी संपवून दुकानात गेली, तर भाजी-फळांच्या फळ्या रिकाम्या. गाडीत बसून रडत तिने लोकांना केलेली विनंती पुष्कळांनी पाहिली असेल.

आपल्याकडे टॉयलेट पेपरची बातमी वाचून आपण हसलो. पण २४ मार्चच्या रात्री आठ वाजता टाळेबंदी जाहीर होताच आपणही पिशव्या घेऊन धावलोच. त्याआधीच मास्क आणि सॅनिटायझर दुकानांतून नाहीसे झाले होते. १३ मार्चला केंद्र सरकारने दोन्ही वस्तू आवश्यक वस्तू कायद्याखाली आणल्या आणि नंतर सॅनिटायझरच्या २०० मिलिलिटरच्या बाटलीला १०० रुपये अशी कमाल किंमत ठरवून दिली. गंमत अशी, की शेजारच्याच फळीवर साबण पडून होता. या विषाणूचे वरचे आवरण स्निग्ध पदार्थाचे असते आणि साधा साबण ते फोडतो. हाताला वीस सेकंद साबण चोळून धुतले की काम होते. धास्तीत माणूस आपल्याला काय हवे ते पाहत नाही, लोक काय घेत आहेत ते पाहतो.

औषधांची पळवापळवी

किराण्याची टंचाई आठ-पंधरा दिवसांत भरून निघते. औषधांची गोष्ट वेगळी आहे. मार्च २०२० मध्ये हायड्रॉक्सिक्लोरोक्वीन या गोळीचे नाव सर्वत्र झाले आणि लोकांनी ती कोरोनापासून बचावासाठी घरात आणून ठेवली. २६ मार्चला सरकारने तिच्या विक्रीवर कडक निर्बंध घातले. ही गोळी संधिवात आणि ल्युपस या आजारांचे पेशंट वर्षानुवर्षे घेतात. माझ्या एका पेशंट शिक्षिका आहेत. त्यांनी त्या एप्रिलमध्ये गावातील सगळी मेडिकल दुकाने पालथी घातली, पण गोळी मिळाली नाही. पाच-सहा आठवड्यांत त्यांच्या बोटांचे सांधे पुन्हा सुजले, सकाळी कपबशी धरता येईना. काही महिन्यांनी दुसऱ्या एका घरातील गृहस्थ त्याच गोळ्यांची तीन पाकिटे घेऊन आले आणि आता यांचे काय करू, असे विचारू लागले. पाकिटे फोडलेलीही नव्हती. दरम्यान जून २०२० पर्यंत मोठ्या चाचण्यांतून या गोळीचा कोरोनाच्या रुग्णांना फायदा होत नाही, असे दिसून आले होते.

एप्रिल २०२१ मध्ये रेमडेसिव्हिरसाठी नातेवाईक रात्रंदिवस वणवण फिरले. हे रुग्णालयात देखरेखीखाली शिरेतून द्यायचे औषध. तरीही ‘असू द्या जवळ’ म्हणून ते मिळवण्याची धडपड करणारी माणसे मी पाहिली आहेत.

फिट्स येणाऱ्या पेशंटच्या गोळ्या एकाएकी बंद झाल्या तर लागोपाठ झटके येऊ शकतात. इन्सुलिनवर असणाऱ्या मुलाला ते दोन दिवस मिळाले नाही तर जीव धोक्यात येतो. आपण विनाकारण उचललेले पाकीट अशा एखाद्याच्या वाट्याचे असू शकते. रोजंदारीवर जगणाऱ्या घराचेही तेच. ते कुटुंब हाती पैसे येतील तेव्हा आठवड्याचा बाजार करते. आपण शनिवारीच दुकान रिकामे केले तर रविवारी त्याने काय न्यावे?

घरातला साठाही बाधतो

अनावश्यक साठा ज्याच्या घरात असतो त्यालाही तो त्रास देतो. अमेरिकेत २०२० च्या पहिल्या तीन महिन्यांत जंतुनाशके आणि साफसफाईच्या द्रव्यांमुळे विषबाधा मदत केंद्रांना आलेले फोन आदल्या वर्षापेक्षा सुमारे २० टक्क्यांनी वाढले होते. आपल्याकडेही ब्लीचिंग पावडर आणि संडास धुण्याचे ॲसिड एकत्र झाले तर क्लोरीन वायू निर्माण होतो आणि दम कोंडतो. सॅनिटायझर गॅसच्या शेगडीजवळ ठेवणे म्हणजे आगीला आमंत्रण.

घरात जास्त गोळ्या असल्या की त्या घेतल्या जातात. २०२१ मध्ये प्राणवायूची गरज नसताना स्वतःच्या मनाने स्टेरॉइड घेतल्याने साखर भडकलेले पेशंट आम्ही पाहिले, आणि काळ्या बुरशीच्या आजाराला वाढलेल्या साखरेने वाट करून दिली. अँटिबायोटिकच्या उरलेल्या गोळ्या सर्दीसाठी घेणे हाही त्यातलाच प्रकार.

मग घरात काय असावे?

साठा मुळीच नको, असे मी म्हणत नाही. पूर आला, रस्ता बंद पडला, घरातील कर्ते माणूस आजारी पडले, तर थोडी शिल्लक हवीच. ती अशी ठेवावी:

१. रक्तदाब, मधुमेह, थायरॉइड, दमा, फिट्स यांची रोजची औषधे महिन्याची आणावीत आणि दहा दिवसांची उरली की पुढची घ्यावीत. तीन-चार महिन्यांची एकदम घेऊ नयेत.

२. इन्सुलिन फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांत ठेवावे. बर्फाच्या कप्प्यात कधीही ठेवू नये.

३. ओआरएसची ४-६ पाकिटे असावीत. ती नसली तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सपाट ६ चहाचे चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ घालावे.

४. पॅरासिटॅमॉलची एक पट्टी, थर्मामीटर, कापूस, बँडेज पुरे.

५. धान्य, डाळ, तेल, साबण दोन-तीन आठवडे पुरेल इतके नेहमी असावे. नवे सामान मागे आणि जुने पुढे ठेवावे.

६. डॉक्टरांच्या चिठ्ठीची एक प्रत घरात वेगळी ठेवावी. गावाला जावे लागले किंवा दुकान बदलावे लागले तर ती उपयोगी पडते.

७. टंचाईचा निरोप आला तर तो पुढे पाठवण्यापूर्वी आपल्या वाण्याला किंवा केमिस्टला विचारावे. माल येतो आहे की नाही हे त्याला नक्की ठाऊक असते.

ही शिल्लक एका दिवसात करायची नाही. दर महिन्याच्या यादीत एखादी वस्तू जास्तीची लिहावी, दोन-तीन महिन्यांत ती आपोआप होते. एकदा ती झाली की पुढच्या अफवेच्या वेळी आपल्याला रांगेत उभे राहावे लागणार नाही, आणि ज्याच्या घरातला डबा खरोखरच रिकामा आहे त्याला दुकानात माल मिळेल.

आज संध्याकाळी घरातील औषधांचा डबा एकदा उघडून पाहावा. मुदत संपलेल्या गोळ्या काढून टाकाव्यात. कशासाठी आणल्या होत्या हे आठवत नाही अशा गोळ्या जवळच्या डॉक्टरांना दाखवाव्यात. आणि रोजच्या गोळ्या किती दिवसांच्या उरल्या आहेत, ते मोजून डब्याच्या झाकणावर लिहून ठेवावे.