गालिच्याचा कायदा आणि स्मार्टफोनचा नफा

२०११ च्या एप्रिलमध्ये ॲपल कंपनीने दक्षिण कोरियाच्या सॅमसंगविरुद्ध कॅलिफोर्नियातील सॅन होजे येथील फेडरल न्यायालयात फिर्याद दाखल केली, तेव्हा ज्या प्रतिवादीवर आयफोनची नक्कल केल्याचा आरोप होता त्याच्याच कारखान्यांतून आयफोनला लागणाऱ्या चिपांचा पुरवठा होत होता. पुढे सात वर्षे हा कज्जा चालला, आणि त्याची झळ युरोप, जपान व कोरियापर्यंत पोहोचली.

वादाचे विषय दोन प्रकारचे होते. एक, यंत्राच्या कार्यपद्धतीची पेटंटे: यादीचे टोक आले की पडद्यावरील मजकूर उसळी घेऊन मागे यावा, यांसारख्या युक्त्यांची. दुसरी, केवळ बाह्यरूपाची, म्हणजे डिझाइन पेटंटे: गोलावलेल्या कोपऱ्यांचा काळा दर्शनी भाग आणि त्यावर ओळीने मांडलेली रंगीत चिन्हे. २०१२ च्या ऑगस्टमध्ये ज्यूरीने ॲपलला सुमारे १०५ कोटी डॉलरांची नुकसानभरपाई मंजूर केली. अपिलांनंतर ती ५४ कोटी ८० लाखांवर आली. त्यातील ३९ कोटी ९० लाख निव्वळ डिझाइनपोटी होते, आणि तो त्या फोनांवर सॅमसंगला झालेला संपूर्ण नफा होता.

संपूर्ण नफा का, याचे मूळ शोधू गेल्यास आपण गालिच्यांच्या व्यापारात येऊन पोहोचतो. १८८५-८६ च्या सुमारास, गालिच्याची नक्षी चोरणाऱ्या कारखानदाराच्या नफ्यातील नेमका किती अंश त्या नक्षीमुळे मिळाला हे वादीला सिद्ध करता येईना, म्हणून अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या पदरात अवघे सहा सेंट टाकले. या अन्यायाने विचलित होऊन काँग्रेसने १८८७ मध्ये कायदा केला की, चोरलेले डिझाइन ज्या वस्तूला लावले असेल तिचा सारा नफा मूळ कल्पकाला द्यावा. गालिच्यापुरता हा न्याय मला सर्वथा योग्य वाटतो, कारण गिऱ्हाईक गालिचा घेतो तो मुख्यतः नक्षीसाठीच. परंतु ज्या उपकरणात प्रोसेसर, कॅमेरा, बॅटरी आणि रेडिओलहरींचे तंत्र या साऱ्यांचा समुच्चय आहे, आणि ज्यावर असंख्य निरनिराळ्या पेटंटांचा हक्क पोहोचतो, त्याचा अवघा नफा कोपऱ्यांच्या गोलाईला बहाल करणे हे मला सारासारविवेकाला सोडून वाटते. दोन डिझाइनांचे दोन मालक एकाच नफ्यावर हक्क सांगत आले, तर न्यायाधीशाने कोणता हुकूम द्यावा?

६ डिसेंबर २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितले की, कायद्यातील ‘वस्तू’ म्हणजे विकलेला सबंध फोनच असला पाहिजे असे नाही, त्याचा एखादा घटकही असू शकेल. निर्णय न्यायमूर्ती सोनिया सोटोमेयर यांनी लिहिला. मात्र या फोनांत तो घटक कोणता, हे ठरविण्याची कसोटी न सांगता न्यायालयाने प्रकरण खाली परत पाठविले. इतक्या परिश्रमाने उघडलेला दरवाजा असा अर्धवट सोडायला नको होता, असे मला आजही वाटते. पुढे २०१८ च्या मे महिन्यात नव्या ज्यूरीने डिझाइनपोटी पूर्वीपेक्षाही अधिक, ५३ कोटी ३० लाख डॉलर ठरविले, आणि पुढच्याच महिन्यात दोन्ही पक्षांनी अटी गुप्त ठेवून तडजोड केली. त्यामुळे वरिष्ठ न्यायालयाला या प्रश्नावर पुन्हा बोलण्याचा प्रसंगच या दाव्यात आला नाही.