कार्डावरची पणती उजळते कशी?

दिवाळीच्या भेटकार्डावरची पणती खरोखर उजळवायला ३ व्होल्टचा बटण सेल (सीआर२०३२), एक एलईडी आणि तांब्याची चिकटपट्टी पुरते. एलईडीचा लांब पाय सेलच्या धन बाजूला. उलटा जोडला तर या सेलवर तो लागत नाही, पण बिघडतही नाही. मुलांना एकदा उलटा जोडू द्यावाच! कोपऱ्यावर पट्टी कापू नका, दुमडा. जोडावरचा गोंद वीज अडवतो. लाल आणि निळा एलईडी समांतर जोडले, तर निळा रुसतो: लालला सुमारे २ व्होल्ट पुरतात, निळ्याला ३ लागतात.

सीआर२०३२ सेल २० मिलिमीटर रुंद असतो, लहानग्याच्या अन्ननलिकेत अडकेल एवढा. गिळला, तर दोन तासांतही आतून गंभीर भाजू शकतं; थेट रुग्णालय गाठा. सुटे सेल मोजून, कुलपात ठेवा.